अर्धा साकव

माझ्या सासूबाई राजाभाऊंना वर्षभर शिव्या घालतात आणि निवडणूक आली की त्यांनाच मत देऊन येतात. लग्न होऊन मी या वाडीत आले तेव्हा मला वाटलं, बाई विसरभोळी असावी. तसं अजिबात नाही. कोणाच्या बारशाला कोणी काय आहेर केला होता, हेसुद्धा त्यांना पाठ आहे.

एकदा त्या मागच्या दारी बांगडे साफ करत बसल्या होत्या आणि सुरीबरोबर तोंडही चालू होतं. राजाभाऊ असा, राजाभाऊ तसा. मी न राहवून विचारलं, "आई, मग मत त्यांनाच का देता?"

"कोनाला देऊ मग?"

"दुसऱ्या कोणाला तरी."

"आनी साकव? त्यो कोन पुरा करील? तुजा बापूस?"

मला हसू आलं. आमच्या कातळवाडीत प्रत्येक वाद याच प्रश्नावर येऊन संपायचा.

कातळवाडी रत्नागिरीपासून मोटारसायकलने अर्ध्या तासावर आहे. डांबरी रस्ता पऱ्याच्या पलीकडच्या काठाला संपतो. पऱ्या म्हणजे आमचा ओढा. माघात माझी लेक राहीसुद्धा तो दगडांवरून उड्या मारत ओलांडते, आणि आषाढात तोच म्हैस वाहून नेतो. शाळा, अंगणवाडी, रिक्षा उभ्या राहतात ती जागा, सगळं पलीकडे. पूर्वी दर वर्षी पावसाच्या आधी वाडीतली माणसं एकत्र जमून साकव, म्हणजे पायी जायचा लहान पूल, घालायची. माडाचे लांब सोट आडवे टाकायचे, त्यांवर पोफळीच्या चिरलेल्या फळ्या बांधायच्या, बाजूला चिव्याच्या बांबूचा कठडा. एखाद्या वर्षी सोट कुजला की तेवढा बदलायचा. माझ्या नवऱ्याने, विनीतने, सगळी शाळा त्या साकवावरून केली.

मग राजाभाऊ पहिल्यांदा जिल्हा परिषदेवर निवडून आले. काँक्रीटचा साकव मंजूर झाला, नारळ फुटला, आणि दोन काठांना दोन आणि मध्ये एक असे तीन खांब उभे राहिले. काम तिथेच थांबलं ते थांबलंच. खांबांच्या डोक्यांतून लोखंडी सळ्या वर आल्यात. त्यांवर खंड्या बसतो, सकाळी ऊन खातो, मासा दिसला की सूर मारतो. त्या साकवाचा उपयोग झाला तो इतकाच, आणि तोही खंड्याला.

त्या खांबांपायी वाडीने मात्र एक भलतीच गोष्ट केली. स्वतःचा साकव घालणं सोडून दिलं.

"आपन लाकडी घातला ना," माझे सासरे काशीराम समजावून सांगायचे, "की सायब येनार, बगनार, आनी लिवून जानार, यांची सोय झालेली हाय. मंजूर काम दुसऱ्या गावाला गेला म्हनून समज." बाबा वाडीचे गावकर, त्यांचा शब्द मानायची पद्धत. त्यामुळे हक्क शाबूत राहावा म्हणून दर पावसाळ्यात अख्खी वाडी अडकून पडायची. अगदीच गरज असली तर वरच्या सड्यावरून, उघड्या कातळपठारावरून, तासभर वळसा घालून जायचं, कातळावर शेवाळ, वर वारा. आणि दर पाच वर्षांनी हात जोडून राजाभाऊ यायचे: "एवढं एक काम अर्धं राहिलंय माझं. ते पुरं करायची संधी द्या." वाडी द्यायची. नवा माणूस कशाला दुसऱ्याने उभे केलेले खांब पुरे करील?

मीही हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण गेल्या पावसाळ्यात राहीची अंगणवाडी जवळजवळ सगळी बुडाली आणि या जूनमध्ये ती पहिलीत जाणार होती.

विनीत रत्नागिरीत फ्रिज-एसी दुरुस्त करतो. मोटारसायकल पलीकडे लावतो, पाऊस लागला की तिकडेच मित्राकडे राहतो. दिवाळीनंतर एक दिवस तो म्हणाला, "साळवी स्टॉपजवळ एक खोली बघितलीय. जूनच्या आत साकव झाला नाही तर आपण तिघं तिकडे जाऊ. पोरीची शाळा अशी बुडवून चालायचं नाय."

चूक काय होतं त्यात? काहीच नाही. पण माझं माहेर खेडचं, एसटी डेपोच्या मागे भाड्याच्या दोन खोल्या. लहानपणी मी गाड्यांच्या हॉर्नवर झोपले आणि हॉर्नवर उठले. राही इथे प्रत्येक कोंबडीला नाव देते. आजोबांच्या पाठीवर बसून काजूच्या बागेत जाते, आजीच्या पदराला हात पुसते. रात्री झोपताना तिच्या केसांना गवताचा वास येतो. तो वास मला साळवी स्टॉपला नेता आला असता का? मी विनीतला म्हटलं, "जूनपर्यंत थांब."

"थांबून काय होणारे?"

"ते जूनमध्ये सांगते."

जानेवारीत प्रचार सुरू झाला. राजाभाऊंच्या विरुद्ध या वेळी गुरुप्रसाद उभा होता. शेजारच्याच गावचा, आंब्याच्या बागा असलेला, शिकलेला तरुण. तो आमच्या ओटीवर आला, पाणी प्यायला, आणि बाबांनी ठरलेला प्रश्न विचारला, "ह्यो साकव पुरा करनार काय?"

तो प्रामाणिक होता, तिथेच घोळ झाला. "काका, खोटं नाही बोलत. ते जुनं काम त्यांच्या काळातलं. मला सगळा नवा प्रस्ताव टाकावा लागेल, पहिल्यापासून. पण टाकेन."

"पहिल्यापासून," बाबा म्हणाले. तो गेल्यावर पुन्हा म्हणाले, "पहिल्यापासून!" जणू कोणी उभं पीक नांगरून पुन्हा पेरा म्हणून सांगितलं होतं. मला कळलं, गुरुप्रसादचं वाडीतलं मत ओटीवरच वाहून गेलं.

सासूबाई आत येऊन मला म्हणाल्या, "पोरगा चांगला हाय गो. पन आपला काम अडकलाय तिकडं."

'आपला काम अडकलाय.' हेच तर होतं ते. राजाभाऊंनी काही केलं म्हणून नव्हे, काही करायचं ठेवलं म्हणून आम्ही त्यांना धरून होतो. हे मला नीट कळलं ते मात्र राहीमुळे.

राहीला जेवू घालायची माझी एक युक्ती आहे. गोष्ट सुरू करायची आणि ऐन मोक्यावर थांबायचं. ती "मग?" म्हणाली की घास पुढे करायचा. त्या संध्याकाळी कुर्लीच्या, म्हणजे खेकडीच्या, लग्नाची गोष्ट होती. कुर्ली नटूनथटून वऱ्हाडाला निघाली, वाटेत पाणी आडवं आलं, आणि मी थांबले. घास पुढे केला.

राहीने घासाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मग कुर्ली तिरकी तिरकी चालत गेली, पोचली, लग्न लागलं, सगळे जेवले. संपली गोष्ट." आणि टुणकन उठून वासराकडे पळाली.

"अगं ए, भात राहिलाय!"

"माझी गोष्ट झाली!" अंगणातून आवाज आला.

मी ताट हातात धरून तशीच बसले आणि मला हसू आवरेना. एवढीशी पोर. तिला मी धरून ठेवलं होतं ते शेवटाच्या जोरावर, आणि शेवट तिने स्वतःच लावून टाकला! आम्ही राजाभाऊंना आळशी म्हणत होतो. आळशी कसले! तेही ताट घेऊन बसले होते, आणि अख्खी वाडी त्यांच्यापुढे तोंड उघडून "मग?" म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सोनूबाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वाडीतल्या बहुतेक पुरुषमाणसांच्या नोकऱ्या मुंबईला, त्यामुळे हळदीकुंकवाला जमतात त्याच बायका वाडी चालवतात. वाण लुटून झालं, तिळगूळ तोंडात होता, तेवढ्यात मी म्हटलं, "आपणच घालूया साकव. त्या खांबांवरच."

एकदम गलका झाला.

"आनी सरकारचा?"

"सरकारचा यायचा तेव्हा येईल. आपला काढून टाकू."

"खांब सरकारी हायत गो, हात लावला तर?"

"पक्षी बसतात त्यांवर, त्यांना कोण विचारतं?"

"आनी मंजूर काम गेला तर?" सासूबाई म्हणाल्या. मला त्याच आवाजाची भीती होती.

"आई, काय जाणार? आपल्याकडे आहे काय जायला?" मी म्हटलं. "तीन खांब आहेत, ते कोणी काखोटीला मारून नेणार नाही. आपल्याकडे साकव नाही, कारण आपण साकवाची वाट बघतोय. वाट बघायची सोडली तर साकव होतो."

मग सोनूबाई म्हणाल्या, "माजे दोन माड हायत परड्यात. सात पावसांत नारळ धरला नाय, नुसता माज करतायत. तोडा."

"सोनूबाय, नक्की?" कोणीतरी विचारलं.

"अगो, राजाभाऊपेक्षा बरे. निदान आडवे पडून कामाला तरी येतील!"

हसून हसून एकीचा तिळगूळ सांडला. मला वाटतं, साकव खरं तर तिथेच झाला. उरलं ते फक्त लाकूडकाम.

विनीतने रविवारी कामावरचे दोघे मित्र आणि लाकूड कापायचं यंत्र आणलं. माड पाडले, प्रत्येकाचे दोन सोट केले. बायकांनी दोर लावून ते पऱ्यापर्यंत ओढले. पऱ्यात पाणी घोट्याएवढं, राही आणि तिच्या मैत्रिणी मधोमध बसून "हैसा" ओरडत होत्या. बाबा मात्र ओटीवर पाठ करून बसले होते. गावकर म्हणून त्यांना हे पसंत नव्हतं. पहिला सोट खांबावर चढवला तेव्हा त्यांनी मान वळवली. दुसरा चढवायला घेतला आणि त्यांना राहवलं नाही.

"अरे, बुडखा हिकडं! बुडखा हिकडं! शेंडा आनी बुडखा उलटसुलट टाकतात, नायतर साकव कलंडतो! कोनी शिकवला काय तुमाला?"

"तुमीच शिकवलात नाय," सासूबाई खालून ओरडल्या, "आता या नि सांगा!"

ते धोतर खोचत खाली उतरले ते संध्याकाळीच वर आले. सोट सळ्यांना तारेने आवळून टाकायची कल्पना त्यांचीच. "इतकी वर्सं सळ्या फुकट उब्या होत्या," म्हणाले.

दुसऱ्या रविवारी पोफळीच्या फळ्या बांधत होतो, तर दादू धावत आला. दादू वाडीतलाच, राजाभाऊंचा कार्यकर्ता, त्यांच्या नावाची टोपी उन्हातसुद्धा काढत नाही.

"थांबवा, थांबवा! आचारसंहिता लागलीय! काम करता येत नाय!"

"कोनाला लागलीय?" सासूबाईंनी विचारलं.

"सगळ्यांना."

"आमी काय उबे हाव निवडनुकीला?"

"तसा नाय काकी..."

"मग कसा? उद्या भात शिजवायला पन परवानगी घेऊ? दादू, टोपी काड नि ह्यो दोर धर. तुजी आवस पन ह्याच साकवावरून जानार हाय."

दादूने इकडे तिकडे बघितलं. टोपी घडी करून खिशात घातली आणि दोर धरला.

कठडा बांधून झाला त्या दिवशी राही सगळ्यांत आधी पलीकडे गेली. मी तिचा हात धरणार होते, तिने तो सोडवून घेतला. एका हाताने कठडा धरून, खाली न बघता, ताठ. पलीकडे पोचल्यावर वळून म्हणाली, "आई, तू पण ये, मी आहे ना." डोळे भरून आले म्हणून मला चालताना फळ्या नीट दिसेनात, आणि खरंच तिनेच माझा हात धरला.

मतदानाच्या चार दिवस आधी राजाभाऊ आले. आमच्याकडे पद्धत आहे: उमेदवार सहाणेवर येतो, सहाण म्हणजे शिमग्यात देवाची पालखी बसते तो चौथरा, आणि तिथे नारळ ठेवतो. गावकराने तो उचलला की वाडीचा शब्द गेला. मग घरागणिक मतं त्यालाच. आजवर प्रत्येक वेळी बाबांनी राजाभाऊंचा नारळ उचलला होता.

राजाभाऊ आमच्याच साकवावरून आले. कठडा धरून, जपून. माणूस वाईट नाही, हे सांगायला हवं. वाडीत कोणी गेलं की खांदा द्यायला हजर. मोठ्या आजारात फोन केला तर उचलतात. त्यांनी राहीला नावाने हाक मारली, सोनूबाईंच्या गुडघ्याची चौकशी केली. मग नारळ ठेवून हात जोडले.

"वा वा! लोकसहभाग याला म्हणतात. छान तात्पुरती सोय केलीत. आता माझं एकच काम अर्धं राहिलंय, तेवढं पुरं..."

"कुटला?" सासूबाई म्हणाल्या.

"साकव हो, कमलाकाकी."

"त्यो झाला."

"नाही म्हणजे, काँक्रीटचा..."

"नको. ह्यो आमचा हाय, आमाला पुरतो. कुजला की बदलू. दुसरा काय करनार, ता सांगा."

राजाभाऊंनी जोडलेले हात खाली घेतले. इतक्या वर्षांत त्यांना आमच्या वाडीत साकवाशिवाय दुसरं काही बोलायची वेळच आली नव्हती. आणि आम्हालाही विचारायची. मग सोनूबाई म्हणाल्या, "उपकेंद्रात नर्स मंगळवारी असते म्हनतात. आमाला कदी दिसली नाय. माजा गुडगा विचारतो तिला."

"बघतो," राजाभाऊ म्हणाले.

"बघू नका. सांगा, कदी."

त्यामागून एकीने शाळेच्या गळक्या छपराचं काढलं, एकीने दिव्यांचं. सगळे एकदम बोलायला लागले. राजाभाऊ कपाळ पुसत होते. ते भाषण करायला आले होते आणि त्यांची मुलाखत चालली होती.

शेवटी त्यांनी बाबांकडे बघितलं. नारळ चौथऱ्यावर तसाच होता. बाबा हळूच उठले, नारळ उचलला. त्यांनी तो देवाच्या जागेपुढे ठेवला, नमस्कार केला.

"ह्यो देवाला," ते म्हणाले. "वाडीचा शब्द ह्या खेपेला कोनालाच नाय. ज्याचा मत त्याचा त्यानं बगावा. तुमाला पन देतील, ज्यांना द्यायचा त्ये. गुरुप्रसाद उद्या येतोय, त्याला पन हेच विचारनार."

मतदान झालं. राजाभाऊ निवडून आले. वरच्या वाडीत पाण्याची टाकी उभी आहे, तिला पाइप नाही. खालच्या गावात सभागृहाच्या भिंती आहेत, छप्पर नाही. तिथल्या माणसांनी आपापल्या अर्ध्या कामाला मत दिलं, मी त्यांना दोष देत नाही. आमच्या केंद्रावर मात्र राजाभाऊ मागे पडले. सासूबाईंनी कोणाला मत दिलं ते त्या सांगत नाहीत. "ज्याचा त्याचा," म्हणतात आणि मिशीत हसल्यासारखं हसतात.

पण एक झालं. निकालानंतर दुसऱ्याच मंगळवारी उपकेंद्रात नर्स बसली होती. सोनूबाईंनी गुडघा दाखवून घेतला. राजाभाऊ मधे एकदा कोणी न बोलावता आले, ओटीवर बसून चहा प्यायले आणि विचारून गेले, आणखी काय आहे. हातातून गेलेलं मत परत मिळवायला माणूस कसा चालत येतो, हे आम्ही पहिल्यांदा पाहिलं.

विनीतने खोलीवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. मी भाकऱ्या थापत होते, मुद्दाम वळले नाही. "ऐकलंस ना?" तो म्हणाला. "नाही," मी म्हटलं. त्याला पुन्हा सांगावं लागलं.

परवा वरच्या वाडीच्या गंगुबाई आणखी दोघींना घेऊन आल्या. साकव हलवून बघितला, तारा चाचपल्या, कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "आमचा झरा टाकीच्या वर हाय गो. पाइप आपला आपन टाकला तर पानी येल ना?"

"उतार असेल तर येईल. बघायला हवं."

"चल मग बगायला."

"टाकी धुतलीय काय कदी?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"पानी आला तर धुवू ना कमलावयनी!"

सगळ्या हसल्या. मी राहीला चपला घालायला सांगितलं. बाबा आमच्या आधीच अंगणात येऊन उभे होते, खांद्यावर दोरीचं भेंडोळं घेऊन, उतार मोजायला.